माजघराचा फोटो

नेसरी म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. खिंड, धूळ आणि भर उन्हात दौडणारे सात घोडे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती इथे बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. त्या दिवसाची चित्रं आहेत, गाणं आहे, स्मारक आहे. त्याच नेसरीतल्या घरांच्या आतलं चित्र शोधायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही. गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातली जुनी कौलारू घरं एकामागून एक उतरवली जातायत आणि त्यांच्या जागी स्लॅब पडतोय. उतरवलेल्या घराचा दर्शनी भाग कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये सापडतो, कारण वरात दारात उभी राहिली होती. माजघर मात्र सापडत नाही. तिथे उजेड कमी, म्हणून कुणी कॅमेरा आत नेलाच नाही.

पुढचा संवाद अशाच एका माजघरातला आहे. मामांचा गावात फोटो स्टुडिओ. यशिका मॅटवर रोल भरण्यापासून ते आजच्या लग्नाच्या अल्बमपर्यंत सगळं त्यांच्या हातून गेलेलं. भाची आर्किटेक्ट, कोल्हापुरात राहते आणि जुन्या घरांची मोजमापं घेत फिरते. हे घर दिवाळीनंतर उतरवायचं ठरलंय, म्हणून घरच्यांनीच दोघांना बोलावलेलं. माझा कल भाचीकडे आहे, हे आधीच सांगतो. पण मामांचं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय तिच्या म्हणण्यालाही अर्थ येत नाही.

मामा: गाडीतनं ते दोन दिवे आण जा. एक देवघराच्या अंगाला लावू, एक कणगीमागं. धा मिनिटांत काम उरकतंय.

भाची: दिवे नकोत, मामा. उलट ती ट्यूबसुद्धा बंद करूया.

मामा: ट्यूब बंद केल्यावर दिसणार काय गं?

भाची: जरा उभे राहा की. दिसायला लागेल.

मामा: मला दिसंल. माझा जन्म असल्या घरात गेलाय. तुझ्या कॅमेऱ्याला दिसायला पायजे.

भाची: आधी इथे उजेड येतो कुठून ते बघा. पुढचं दार, सोप्यातून. मागचं दार, परड्याकडून. देवघराजवळची ती हातभर खिडकी. आणि वर एक काचेचं कौल. चारच वाटा आहेत. भिंत एवढी जाड आहे की खिडकीतून येता येताच निम्मा उजेड संपतो. पाखं खाली आणलंय, कारण इथल्या पावसाची झड आत आली तर मातीची भिंत राहणार नाही. ज्यानं हे घर बांधलं त्यानं पाऊस आणि उजेड यांचा मेळ घातलाय. तुमचे दोन दिवे लागले की तो मेळ फोटोत उरत नाही. खोली दिसेल, पण ती कुठल्याही गावातली असेल.

मामा: मेळ-बिळ काय न्हाई. काच महाग होती, म्हणून एकच कौल घातलं.

भाची: बरं, एकच. मग ते एक कुठे घातलं? दाराशी नाही, कणगीवर नाही. बरोबर चुलीच्या कोपऱ्यावर. घरातली बाई दिवसभरात जिथे सगळ्यात जास्त बसणार, तिथे. एकच काच परवडत असताना ती कुठे लावायची, हे ठरवणं म्हणजेच घर बांधणं.

यावर मामा गप्प झाले आणि वर बघू लागले. कौलातून आलेला पट्टा चुलीच्या भिंतीवर पडला होता. दिवस वर येईल तसा तो खाली सरकतो, उतरंडीवरून जमिनीवर येतो. ज्या घरात घड्याळ नव्हतं तिथे भाकरीची वेळ त्यावरून कळायची. असल्या खोलीचा दुपारचा फोटो आणि सकाळचा फोटो या दोन वेगळ्या खोल्या असतात, आणि कृत्रिम दिव्यानं काढलेल्या फोटोला वेळच नसते. माझ्या मते भाचीचा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच आहे. कोल्हापूरच्या माणसाला तो पटवून द्यायला लागू नये. अंबाबाईच्या देवळात जानेवारीच्या अखेरीला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मावळतीची किरणं गाभाऱ्यात शिरतात आणि देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. किरणोत्सवाच्या त्या वाटेत नवी बांधकामं आडवी आली की शहर हळहळतं. दगडी देवळाच्या बाबतीत जे आपल्याला कळतं, ते मातीच्या माजघराच्या बाबतीत सुचत नाही.

मामांनी मात्र दिव्याचा हेका सोडला नाही, आणि त्यांच्याकडे दाखलाही कोल्हापूरचाच होता.

मामा: बाबूराव पेंटर काय उन्हाची वाट बघत बसले व्हय? त्यांनी १९२३ साली ‘सिंहगड’ला विजेचे दिवे लावून शूटिंग केलं. तोवर आपल्याकडं सगळा सिनेमा सूर्यावर चालायचा. कोल्हापूरचा माणूस दिव्याला भीत न्हाई.

भाची: त्यांनी लावले ते बरोबरच होतं. त्यांच्यापुढे पडदे आणि लाकडाचे सेट होते. तिथे उजेड मुळात नव्हता, तो त्यांना घडवायचा होता. इथे तो घडवून झालाय. आणि फ्लॅशचं म्हणाल, तर दुप्पट अंतरावर उजेड पाव होतो, हे मला तुम्हीच शिकवलंय. कणगी फ्लॅशपासून दोन मीटरवर, मागची तुळई चार मीटरवर. कणगी पांढरीफटक होणार आणि तुळई गायब.

मामा: म्हणून तर फ्लॅश सरळ मारायचा न्हाई. छताला मारायचा, तिथनं सगळीकडं पसरतोय.

भाची: या छताला? इतक्या वर्षांच्या धुरानं कौलं, वासे, आढं सगळं काळं झालंय. ते उजेड पिऊन टाकतंय, परत काय देणार?

मामा: हां. हे मात्र खरं बोललीस.

इथवर वाद साधनांचा होता. खरा वाद पुढे आहे.

मामा: आता माझं ऐक. माणसं फोटो न्यायला येत्यात. असला अंधारातला फोटो हातात दिला की पहिलं काय म्हणत्यात? “आमचं घर एवढं अंधारं हाय व्हय?” तोंड उतरतंय त्यांचं. शहरातनं लोक येत्यात, एक उन्हाचा पट्टा, एक म्हातारी, बाकी सगळा काळोख, असा फोटो काढून नेत्यात आणि प्रदर्शनात लावत्यात. बघणाऱ्याला तो भारी वाटतोय. ज्याचं घर, त्याला त्यात घर दिसत न्हाई, गरिबी दिसतीय. ह्या घरच्या आजींनी हितं जन्मभर भाकऱ्या थापल्या. चाचपडत थापल्या न्हाईत. त्यांना तांदळातला खडा दिसत होता, पोराच्या पायातला काटा दिसत होता. तुझ्या फोटोत ह्यातलं काय दिसणार? मग खोटं कोण बोललं, माझा दिवा का तुझा अंधार?

भाची: तुमचा हा मुद्दा मला खोडता येत नाही. अमेरिकेत १९३६ साली वॉकर इव्हान्स नावाचा फोटोग्राफर अलाबामातल्या खंडकरी शेतकऱ्यांच्या घरांत गेला. लाकडी भिंती, चूल, भिंतीला अडकवलेले चमचे, सगळं त्यानं फार आदरानं टिपलं. १९४१ मध्ये त्याचं पुस्तक झालं आणि पुढे ते जगभर गाजलं. पण त्या कुटुंबांतल्या काहींच्या पुढच्या पिढीला त्या फोटोंची लाजच वाटत राहिली. आदर फोटोग्राफरच्या मनात होता. घरच्यांपर्यंत तो पोचला नाही.

मामा: मग?

भाची: मग उत्तर दिव्यात नाही, असं मला वाटतं. तुम्ही म्हणालात की आजींना सगळं दिसत होतं. कसं दिसत होतं? बाहेरच्या उन्हातून आपण आत आलो तेव्हा आपल्याला काहीच दिसलं नाही. आता बोलत उभे राहून बराच वेळ झाला. आता काय दिसतंय?

मामा: आता… दिवळीतली पणती दिसतीय. कणगीच्या कडंचं शेण उकललंय, ते दिसतंय.

भाची: म्हणजे अंधार खोलीत नव्हता, आपल्या डोळ्यांत होता. उन्हातून आलेल्या डोळ्याची बाहुली बारीक झालेली असते; ती मोठी व्हायला क्षणभर पुरतो. पण डोळ्याच्या मागचा पडदा मंद उजेडाला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं घेतो. आजी कायम आतच असत, त्यामुळे त्यांचे डोळे कायम सरावलेले. तो काळाकुट्ट फोटो आहे ना, तो दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला दिसलेलं घर आहे. तुमच्या दिव्याचा फोटोही पाहुण्याचाच, बॅटरी घेऊन आलेल्या. मला आजींना दिसायचं ते घर काढायचंय.

या एका वाक्यासाठी मी हा संवाद लिहायला घेतला. उपलब्ध उजेडात फोटो काढणं म्हणजे अंधार दाखवणं, असा समज फोटोग्राफरांतही आहे. काळोखाला कलात्मक समजण्याची एक सवयच पडून गेली आहे. कॅमेऱ्याचं झाकण मात्र डोळ्यासारखं मिटत-उघडत नसतं, ते हवा तितका वेळ उघडं ठेवता येतं. डोळा जे सरावानं मिळवतो, ते कॅमेरा वेळ देऊन मिळवतो. खोलीत बाहेरचा एक किरणही न आणता ती घरच्या माणसाला दिसते तितकी उजळ होऊ शकते, आणि सावल्या जिथल्या तिथे राहतात.

भाचीनं ते करून दाखवलं. कॅमेरा तिकाटण्यावर छातीच्या उंचीला, अगदी समपातळीत. वर-खाली कलला तर खांब वाकडे येतात. संवेदनशीलता सगळ्यात खालची, १००. छिद्र एफ-८, म्हणजे जवळचं जातं आणि लांबची तुळई दोन्ही स्पष्ट. फोकस धरण्यापुरती खांबावर बॅटरी टाकली, फोकस पक्का केला, बॅटरी विझवली. दाराजवळच्या भागाला तीन सेकंद पुरले. चुलीमागच्या कोपऱ्याला तीस लागले. बटण बोटानं दाबलं की कॅमेरा थरथरतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावला.

मामा: तीस सेकंद? आमच्या फिल्मला असं जमलं नसतं. मीटर धा सेकंद म्हणालं तर आमी तीस-चाळीस द्यायचो. मंद उजेडात फिल्म पण दमतीय, जितका वेळ जास्त तितकी तिची पकड कमी. अंदाजानं द्यायचं आणि डेव्हलप होईस्तवर देवाचं नाव घ्यायचं.

भाची: म्हणजे तुम्ही हे केलंय?

मामा: मठातल्या समाधीचा फोटो काढला होता. तिथं फ्लॅश मारायचा न्हाई म्हणून सांगितलं होतं.

भाची: आणि कसा आला?

मामा: (जरा थांबून) झकास आला होता.

नंतर अडचण आली ती मागच्या दाराची. परड्यात थेट ऊन होतं. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. माजघरात पन्नास लक्स मिळाले तरी खूप. दोन हजार पट फरक. प्रत्येक स्टॉपला उजेड दुप्पट होतो, म्हणजे हा फरक अकरा स्टॉपचा. आजचे चांगले कॅमेरे बारा-चौदा स्टॉप पकडतात असं म्हणतात, पण आतला काळा कोपरा पन्नास लक्सच्याही खूप खाली असतो. खोली नीट आली की दार नुसतं पांढरं भगभगीत होतं. भाचीचा बेत वेगवेगळ्या वेळांचे पाच फोटो घेऊन नंतर जोडायचा होता. इथे मामांनी तिला अडवलं, आणि इथे मामाच बरोबर होते.

मामा: जोडाजोडी कशाला? मग माझ्या दिव्यात आणि तुझ्या कॉम्प्युटरात फरक काय राहिला? दिवस कलू दे. परड्यात सावली आली की बाहेरचा उजेड आपोआप उतरतोय, आतला तेवढा उतरत न्हाई. न्हाईतर पावसाळी दिवशी ये. ढग भरून आले की आत-बाहेर मिळतंजुळतं होतंय. आणि आत्ताच पायजे असंल तर परड्यात दोरीवर धोतर वाळत घाल. पांढऱ्या कापडावरनं ऊन आत येतंय, मऊ होऊन.

भाची: म्हणजे तुम्ही पण उजेड आणताय.

मामा: धोतर त्या दोरीवर रोजच वाळत असतंय. मी नवीन काय आणलं?

धोतर वाळत घातलं गेलं. मला मामांचा हा न्याय आवडला. घरात रोज घडतं ते करायला हरकत नाही: दार उघडणं, चूल पेटवणं, समई लावणं, कापड वाळत घालणं. घरात कधीच नव्हतं ते आणायचं नाही. पुस्तकातल्या कुठल्याही नियमापेक्षा हा नियम कामाला येतो. ट्यूबचं काय, हा प्रश्न उरतो. ट्यूबही आता रोजचीच आहे. पण तिचा उजेड आणि दाराचा उजेड यांचे रंग जुळत नाहीत. एकाच भिंतीवर एक हिरवट आणि एक निळसर डाग पडतो. रात्रीचं माजघर टिपायचं असेल तर ट्यूब लावावी, दार बंद करावं. दिवसा ती विझलेलीच बरी.

मामांची शेवटची अट माणसांची होती.

मामा: मोकळ्या खोलीचा फोटो म्हंजे घर विकायची जाहिरात. आजींना बसव.

भाची: तीस सेकंद? हललेल्या येतील.

मामा: चुलीशी न्हाई, कौलाखाली बसव. तिथं किती लागतील?

भाची: (मीटर बघून) संवेदनशीलता चारशे केली तर अर्धा सेकंद.

मामा: अर्धा सेकंद धरायला काय अवघड हाय? पूर्वी स्टुडिओत माणसं त्याच्यापेक्षा जास्त वेळ दम धरून बसायची. श्वास सोडून झाला की सांग, आणि तेव्हा दाब.

आजी बसल्या. फोटो आला. कौलाचं ऊन त्यांच्या हातांवर, चेहरा भिंतीवरून परतलेल्या उजेडात, आणि मागे उतरंड, खालपासून वरच्या मडक्यापर्यंत मोजता येईल अशी.

मंद उजेड आणि वेळ यांच्या जोरावर किती साधतं, याचा मोठा दाखला महाराष्ट्रातच आहे. बिनॉय बहल यांनी १९९१ मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रं लेण्यांतल्या अगदी मंद उजेडात टिपली. प्रखर दिव्यात ज्या चित्रांचे रंग सपाट आणि चमकदार होऊन जायचे, त्यांची खोली आणि अंगकांतीच्या छटा त्या फोटोंत वर आल्या. ते फोटो पुढे १९९८ मध्ये पुस्तकरूपानं आले. अजिंठ्यात आज फ्लॅशला बंदी आहे ती रंगांच्या काळजीपोटी, पण ती चित्रं काढणाऱ्या हातांनाही प्रखर उजेड मिळालेला नव्हता, हेही लक्षात घ्यावं.

न्याय म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. जेकब रीस या वार्ताहरानं न्यूयॉर्कच्या कोंदट भाडेखोल्यांत रात्री फ्लॅशची पूड पेटवून फोटो काढले आणि १८९० मध्ये पुस्तक केलं. त्या खोल्यांना उजेडाची वाटच नव्हती, हाच तर त्याचा आरोप होता. तिथे फ्लॅश मारणं हे साक्ष देणं होतं, आणि त्या साक्षीचा उपयोग घरांचे कायदे सुधारण्याच्या लढ्यात झाला. खोली माणसावर लादलेली असेल तर दिवा लावावा. माणसानं स्वतः विचार करून बांधलेली असेल तर तिचाच उजेड वापरावा.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि त्यातला रात्रीचा मोड कुणालाही न विचारता अंधाराची दुपार करून टाकतो. अनेक फोटो जोडून तो सगळ्या सावल्या भरून काढतो. चुलीमागचा कोपरा आणि दाराजवळचा उंबरा एकसारखे उजळ दिसतात. काचेचं कौल तिथे का होतं हे त्यातून कळणार नाही. तो मोड बंद करता येतो आणि अनेक फोनमध्ये किती सेकंद फोटो घ्यायचा हे हातानं ठरवता येतं. तेवढं शिकायला एक दुपार पुरते.

तुमचं गाव नेसरी असो की आणखी कुठलं, जुनं घर उतरवायचं ठरलं असेल तर मुकादमाला बोलावण्याआधी एक दिवस माजघराला द्या. सामान हलवू नका, आवराआवर करू नका. दारं रोजच्यासारखी ठेवा, दिवे विझवा आणि डोळे सरावेपर्यंत आत बसून राहा. फोन डब्यांच्या चळतीवर टेकवून ठेवा, हातात धरू नका. सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीच्या आधी त्याच जागेवरून एकेक फोटो घ्या आणि त्यावर तारीख, वेळ आणि कुठलं दार उघडं होतं ते लिहून ठेवा. मग तो फोटो घरातल्या सगळ्यात वयस्क बाईला दाखवा. ‘लई अंधारं आलंय’ म्हणाल्या तर आणखी वेळ द्या, ‘असं कधी दिसत नव्हतं बाई’ म्हणाल्या तर वेळ कमी करा. ‘व्हय, असंच होतं’ म्हणाल्या, की मगच पहिलं कौल काढा.